इनास मास्तरांचा अंगठा

आमच्या शेजारचे इनास मास्तर कुठलीही वस्तू हातात घेण्याआधी तिच्यावर अंगठा आपटून बघतात. नारळाचं मी समजू शकते. पण मास्तर पाटावर आपटतात, पाण्याच्या टाकीवर आपटतात, चर्चमधल्या बाकावर आपटतात, आणि एकदा नव्याने बदलून आलेल्या पोस्टमनच्या हेल्मेटवर, ते त्याच्या डोक्यावर असतानाच, त्यांनी आपटून बघितला होता. आपटला की मान तिरकी करून ऐकायचं आणि निकाल द्यायचा. निकाल दोनच. "बरो वाजता" किंवा "मेलेलो आसा." पोस्टमन पास झाला. तरी पुढे महिनाभर तो आमची पत्रं फाटकातूनच टाकून पळायचा.

सत्तरी गाठलेले हे गृहस्थ मालवणात बेस गिटार शिकवतात. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: बेस म्हणजे चार जाड तारांची, लांब मानेची गिटार. तिचा आवाज कानापेक्षा पोटात जास्त ऐकू येतो. तरुणपणी मास्तर गोव्यातल्या हॉटेलांत ती वाजवायचे, नंतर वीसेक वर्षं परदेशी बोटींवर वाजवली. बायको गेल्यावर घरी परतले. मुलगी पुण्यात नर्स आहे, ती वर्षातून एकदा, नाताळात येते. म्हणजे उरलेले अकरा महिने आणि तीन आठवडे मास्तर संपूर्णपणे आमच्या वाट्याला आलेले आहेत.

बेस वाजवायच्या म्हणे पुष्कळ तऱ्हा आहेत. मास्तरांना एकच मान्य आहे, अंगठ्याने तार ठोकायची. तिला स्लॅप म्हणतात. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, मी हायस्कूलात भूगोल शिकवते. पण पलीकडच्या भिंतीआड राहून राहून हा विषय माझा इतका पाठ झालाय की परीक्षेला बसवलंत तर पहिली येईन. अंगठ्याच्या कडेचं हाड तारेवर पडलं पाहिजे, मऊ बाजू नाही. हात आपटायचा नाही, मनगट फिरवायचं, कुलपात किल्ली फिरवतो तसं. आणि तार लागली रे लागली की अंगठा मागे उडाला पाहिजे.

"आंगठो मारूचो नाय, सोडूचो," हे मास्तरांचं पालुपद. "पडलो, लागलो, परत इलो. थंयच बसान रवलो तर आवाज मेलो."

हे इतकं सोपं असेल तर एका दिवसात का शिकवत नाहीत, हा माझा प्रश्न आहे. मास्तर शिष्याला पहिले तीन महिने गिटार दाखवतसुद्धा नाहीत. ती आतल्या खोलीत पेटीत असते. शिष्याने तोवर फळीवर अंगठा सोडायचा, गुडघ्यावर सोडायचा, खुर्चीच्या हातावर सोडायचा. शर्वरी नावाची कॉलेजात जाणारी मुलगी फोनवर कुणाचं तरी वाजवणं बघून मोठ्या हौसेने आली होती. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "सर, गिटार कधी?" मास्तर म्हणाले, "आंगठो इलो की." तिने आपल्या दोन्ही अंगठ्यांकडे बघितलं. ते होते तिथेच होते.

दुसरा शिष्य दिगू, रिक्षावाला. तारकर्लीच्या एका हॉटेलात संध्याकाळी गाणंबजावणं चालतं, तिथे वाजवायचं त्याच्या मनात आहे. हा दिगू म्हणजे अंगाने रेडा. तो रिक्षात गिऱ्हाईक बसलं असतानाही हँडलवर अंगठा सोडतो. भरड नाक्यावरून माझ्या शाळेपर्यंत येताना मी दोनदा देवाचं नाव घेतलंय.

आणि शिष्यांना काय बोलायचं, मूळ पुरुषच तसा. एकदा कणकवलीहून येताना मास्तर आणि मी योगायोगाने एकाच एसटीत होतो. मागच्या बाजूने ठोक ठोक आवाज येतो म्हणून ड्रायव्हरने दोनदा गाडी थांबवली, खाली उतरून चाकांत वाकून बघितलं. तिसऱ्यांदा कंडक्टर मागे आला, तर मास्तर शेवटच्या सीटवर बसून पुढच्या दांडीवर डोळे मिटून अंगठा सोडत होते. कंडक्टरने मला विचारलं, "हे तुमच्याबरोबर आसत?" मी खिडकीबाहेर बघत "नाय" म्हटलं.

"नंदा," मास्तर सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "खोटा कित्याक सांगतंस?"

मे महिन्यात तर नाकी नऊ येतात. मास्तरांचं म्हणणं असं की बेसच्या तारेचा आवाज तयार झालेल्या कापा फणसासारखा यायला हवा. फणस पिकलाय की नाही हे आपण सगळेच ठोकून बघतो. कच्चा असला तर टणटणतो, तयार झाला की आतून ढब्ब असा ऊबदार आवाज येतो. पण म्हणून तो अभ्यासक्रमात घालायचा? मागे एकदा मी पेपर तपासायचं ओझं घेऊन उन्हातून घरी आले, तर माझ्या परसातल्या फणसाला शर्वरी कान लावून उभी. दिगू वर चढून वरच्या फणसांचा निकाल घेतोय. आणि मास्तर खाली स्टुलावर.

"ह्या काय चाललासा?" मी विचारलं.

"लेसन," मास्तर म्हणाले. "तू टीचर आसंस ना? मगे वर्ग चालू असताना मधी बोलू नको."

वाडीतल्या तीन घरांनी त्या महिन्यात माझ्याकडे तक्रार केली की अनोळखी माणसं येऊन फणस ठोकून जातात आणि नेत मात्र नाहीत. तक्रार माझ्याकडे, कारण मास्तरांकडे कुणी गेलं की मास्तर त्याच्या पाठीवर अंगठा सोडून ऐकतात. मी चोवीस वर्षं शाळेत नोकरी करतेय, पण माझ्या वर्गातल्या कुठल्याही पोराने मला एवढं पिडलेलं नाही.

आता भिंतीचं सांगायला हवं, कारण सगळं त्या भिंतीपाशीच घडलं. आमचं आणि मास्तरांचं घर मुळात एकच. मास्तरांच्या आजोबांनी अर्धं घर माझ्या आजोबांना दिलं आणि मध्ये चिऱ्याची भिंत घालायच्या ऐवजी फणसाच्या लाकडाच्या जाड फळ्या ठोकल्या. चिऱ्यातून काही ऐकू येत नाही. फणसाच्या फळीतून सगळं येतं. आजोबांचा हा निर्णय मी अजून माफ केलेला नाही.

मास्तर आणि माझे वडील या दोन अर्ध्या घरांत वाढलेले जिवलग मित्र. वडिलांना सगळे भाऊ म्हणतात, मीही भाऊच म्हणते. भाऊ दशावतारी नाटकांत पखवाज वाजवायचे. जत्रेच्या दिवसांत महिना महिना गावोगाव हिंडायचे, बोटांना कायम पखवाजाच्या पुड्यांची शाई आणि कणीक लागलेली असायची. ते आणि मास्तर एकमेकांना अरेतुरे करत, एकमेकांच्या ताटातलं खात. मग चौदा वर्षांपूर्वी गणपतीत वाडीच्या मंडळाला हुक्की आली की पखवाज आणि बेस यांचा एकत्र कार्यक्रम करू या.

सुरुवात फार छान झाली म्हणतात. शेवटाकडे काय झालं ते मी स्वतः पुढच्या रांगेत बसून बघितलं. मास्तर शेवटाला पोचून हात वर करून उभे राहिले तेव्हा भाऊंच्या चार मात्रा शिल्लक होत्या. भाऊंनी त्या चार मात्रा एकट्याने, शांतपणे, एकेक करून वाजवल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना वाटलं असंच असतं. स्टेजच्या मागे भाऊ म्हणाले, "इनास फुडे धावलो." मास्तर म्हणाले, "भाऊ मागे रवलो." झालं. त्या दिवसापासून अबोला.

अबोला म्हणजे कसा, तर सगळं बोलणं माझ्यामार्फत. दोघं अंगणात तीन हातांवर उभे असायचे. "नंदा, तुझ्या बापाशीक सांग, नळ्यांवर माकडां इली." भाऊ वर कौलांकडे बघून म्हणायचे, "नंदा, त्येका सांग, दिसतत माका." मी मध्ये उभी राहून दोघांकडे बघायची. मला सांगायला काहीच उरलेलं नसायचं. चौदा वर्षं हे चाललं आणि दोघांपैकी एकालाही याची लाज वाटली नाही.

गेल्या दिवाळीनंतर भाऊंना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. कान शाबूत आहेत, समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणाले. हाताचं जे काही परत यायचं ते पहिल्या सहा महिन्यांत येईल, नंतर कठीण आहे, हेही म्हणाले. त्या सहा महिन्यांचा एकेक आठवडा मी मोजत होते. पखवाज वाजवणाऱ्या माणसाचा उजवा हात चादरीवर नुसता पडलेला बघणं माझ्याने व्हायचं नाही.

मास्तर दवाखान्याच्या फाटकापाशी तीन दिवस उभे होते. आत आले नाहीत. चौथ्या दिवशी माझ्या हातात पावाची पिशवी दिली आणि निघून गेले. भाऊंना घरी आणलं तेव्हाही उंबरठा ओलांडला नाही. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. समोरच्याला आता बोलताच येत नाही, तरी या माणसाचा अबोला सुटत नाही.

भाऊंची खाट मी मधल्या खोलीत फळ्यांना लावून टाकली. डावा, चांगला हात मोकळ्या बाजूला, उजवा फळीकडे. कणकवलीहून एक मुलगी आठवड्यातून दोनदा व्यायाम घ्यायला यायची. ती लाल चेंडू भाऊंच्या उजव्या हातात द्यायची, भाऊ त्या चेंडूकडे अपमान झाल्यासारखे बघायचे आणि डोळे मिटायचे. चेंडू घरंगळून खाली. एकदा ती म्हणाली, "अंगठा जरा घट्ट लागतोय." आम्ही दोघींनी ते आखडल्याचं लक्षण मानलं आणि तेल चोळलं.

भाऊ घरी येऊन आठ दिवस झाले नसतील, मास्तरांनी आपला वर्ग पडवीतून उचलून मधल्या खोलीत आणला. बरोबर आमच्या फळीला लागून. बरोबर चार वाजता. भाऊंच्या कानापासून एक फळीच्या अंतरावर तीन माणसं अंगठे आपटायला लागली.

मी तडक गेले. "मास्तरानू, भाऊ झोपतत थंयसर."

"चार वाजता खंय झोपता तो? चार वाजता चाय पिता."

"तुमका कसा म्हायत?"

"कपबशी वाजता," मास्तर म्हणाले. "आणि फळी हयसरच बरी वाजता. जा तू."

भिंतीवरचं घड्याळ दोनदा पडलं. तसबिरी मी उतरवून ठेवल्या. दिवसा भाऊंकडे पार्वती असते, वाडीतलीच. तिला विचारलं की त्रास होतो का, तर ती म्हणाली, "होता तसो आवाज." पार्वती दिवसाला साधारण चार वाक्यं बोलते, त्यातलं हे एक.

सगळ्यात संताप यायचा तो शिकवण्याच्या तऱ्हेचा. शर्वरी एव्हाना गिटारपर्यंत पोचली होती. दिगूही पोचला होता. तरी चार ते पाच रोज तोच पहिल्या दिवसाचा पाठ, तोही मोठ्याने आणि सावकाश, भिंतीकडे तोंड करून. "हात उचलाक येना तर उचलू नको. मनगट फिरव. नखभर फिरला तरी पुरे. घाई नाय. कोण धावता हयसर?" हे दिगूला सांगत होते. ज्याने एका हाताने रिक्षा उचलून गटारातून बाहेर काढली होती, त्या दिगूला.

सुट्टीच्या दिवशी मी घरी असायची तेव्हा भाऊंच्या डाव्या बाजूला बसून त्यांचा तोच हात धरायची. चार वाजले की भाऊ डोळे मिटून घ्यायचे आणि कपाळावर आठी यायची. मला वाटायचं, किती सोसतोय हा माणूस. मी त्यांच्या अंगावरची चादर गळ्यापर्यंत ओढायची.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ती व्यायामवाली मुलगी हळूच म्हणाली की आता आठवड्यातून एकदाच येते, तसा काही फरक दिसत नाही. मी तिला फाटकापर्यंत सोडलं आणि परत आले तर पलीकडे सुरू, "पडलो, लागलो, परत इलो." माझं भान सुटलं. मी मास्तरांच्या घरात शिरले ती शिष्यांसमोरच बोलले.

"चौदा वर्सां तुमी भाऊंशी बोललात नाय. बोलू नकात. पण त्येंका सुखान पडान तरी रवाक देवा. हात गेलो, वाचा गेली, कान तेवडे रवलेहत. ते पण घेतलात काय तुमी?"

शर्वरी खाली बघू लागली. मास्तरांचा अंगठा फळीवर होता, तो त्यांनी काढून घेतला आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

"बरा," ते म्हणाले. "दिगू, खुर्च्ये भायर ने."

दुसऱ्या दिवशी रविवार, वर्ग नसतोच. सोमवारी मी मुद्दाम अर्धी रजा काढली. चार वाजले, चहा झाला, पलीकडे काही नाही. मला खरोखर बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी घरात बसून मी वह्यांचा एक गठ्ठा पुरा केला. भाऊंनी चहा अर्धाच घेतला. डोळे मिटले नाहीत. ते फळीकडे बघत होते.

मंगळवारी पार्वतीने सांगितलं की भाऊंनी चहा घेतला नाही. बुधवारी मी शाळेतून लवकर निघून आले आणि स्वतः कप तोंडाला लावला. भाऊंनी ओठ मिटून घेतले. बाहेर कुठेतरी बोटीचं इंजिन चालू होतं, ते बंद झालं. आणि मग जवळून आवाज आला. ठक.

मला वाटलं पाल पडली. मी वर बघितलं. थोड्या वेळाने पुन्हा, ठक. तसाच हलका. मी खाटेच्या पायथ्याशी जाऊन भाऊंची चादर बाजूला केली.

उजवा हात फळीला टेकून होता. बोटं तशीच, मेल्यासारखी. पण मनगट नखभर फिरलं, अंगठ्याच्या कडेचं हाड फळीवर पडलं, आणि लगेच मागे आलं. भाऊंच्या कपाळावर तीच आठी होती. आता मला ती ओळखू आली. जत्रेत पखवाज वाजवताना अवघड जागा आली की भाऊंच्या कपाळावर हीच आठी यायची. लहानपणी मी झोपेला आलेली, मांडवात खाली बसून ती बघायची.

पार्वती दारात उभी होती. मी तिला म्हटलं, "ह्या तू आधी बघितलंस?"

"रोज चार वाजता वाजयत," ती म्हणाली. "माका वाटला तुमका म्हायत आसा."

मी तिथेच खाली बसले आणि रडले. आनंदाने रडले हे खरं, पण स्वतःचा रागही तितकाच आला होता. तीन महिने मी त्यांच्या चुकीच्या बाजूला बसले होते. ज्या बाजूला काही घडत होतं ती मी रोज मायेने पांघरुणाखाली झाकत होते.

मास्तर आपल्या पडवीत आडाळ्यावर नारळ खोवत बसले होते. मी पायरीवर बसले. त्यांनीच खोवता खोवता विचारलं, "वाजयलान?"

"व्हय."

"हाड लागला?"

"लागला."

मास्तरांनी वाटी बाजूला ठेवली. "महिनाभर कायच नाय इला थंयसून," ते म्हणाले. "माका वाटला, गेलो. मगे त्या नाताळच्या फुडल्या आठवड्यात एक मात्रा इली. एवडीशी. दिगूक वाटला उंदीर. मी म्हटलंय, उंदीर नाय रे, तो तालात आसा."

"पण माका सांगूक काय झाला तुमका?" माझा आवाज पुन्हा चढला. "मी डॉक्टराक सांगलंय असतंय."

"म्हणानच नाय सांगूक. तू डॉक्टराक सांगतलंस, डॉक्टर कागदार लिवन देतलो, ती कणकवलीची चेडू येवन म्हणतली, भाऊ, आंगठो हलवा. मगे हलवलो असतो तेणा? तुझो बापूस सांगलेला कधी आयकता? आयकान आयकान शिकता तो. लहानपणापासना तसोच."

हे अगदी खरं होतं. मी विचारलं, "मगे दारातसून कित्याक नाय इलात? तीन दिस फाटकार उबे रवलात."

मास्तरांचा उजवा अंगठा आडाळ्याच्या लाकडावर हळूहळू पडत होता, आवाज न होईल असा.

"काय तोंडान येव?" ते म्हणाले. "त्या दिसा मीच फुडे धावलंय, नंदा. थंयच म्हायत होता माका. लोक बघी होते, हात गरम झालेलो, धावलंय. तेणा त्ये चार मात्रा एकट्यान वाजयल्यान ना, त्ये अजून माझ्या कानात आसत. आज सांगतंय, उद्या सांगतंय म्हणता म्हणता चौदा वर्सां गेली. आणि आता तेका उत्तर देवक येना नाय, तर मी जावन माफी मागू? ता बरा दिसता? तो नाय म्हणूक पण शकना नाय."

"मगे?"

"मगे काय. पोरां गेली की पाच वाजता, तू शाळेत आसतंस तेवा, मी एकटो वाजयतंय थोडा. त्या दिसाचाच. फळीर. त्येच्या चालीन, सावकाश. शेवटच्या चार मात्रा सोडतंय त्येका." त्यांनी मान खाली घातली. "पयल्यान त्या रिकाम्याच जायच्या. आता दोन येतत. कधी कधी तीन."

मला शनिवारचे माझे शब्द आठवले. माफी मागायची मला सवय नाही, भूगोलाच्या शिक्षकांना ती नसतेच. मी एवढंच म्हटलं, "उद्या चार वाजता वर्ग घेवा." आणि उठले. मास्तरांनी मागून विचारलं, "घड्याळ उतरून ठेवलंस मा?"

दुसऱ्या दिवशी चारला वर्ग सुरू झाला. मी शाळेतून पळत आले होते. या खेपेला मी खाटेच्या पायथ्याशी, फळीच्या बाजूला स्टूल टाकून बसले, चादर बाजूला केलेली. पलीकडे दिगूने असा अंगठा हाणला की छतावरून धूळ पडली. "मेल्या, मारू नको, सोड," मास्तर ओरडले. भाऊंचं अर्धं तोंड हसलं. हसायला त्यांच्याकडे आता अर्धंच तोंड आहे, पण ते पुरतं.

पाच वाजता शिष्य गेले. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, मग मास्तर एकटेच. मला त्यातलं काही कळत नाही, पण चौदा वर्षांपूर्वीचं ते मी ओळखलं. सावकाश, कुठेही न धावता ते शेवटापाशी आलं आणि थांबलं. भाऊंनी डोळे मिटले. ठक. बऱ्याच वेळाने, ठक. मग तिसरी. चौथीसाठी मनगट फिरलं, अर्ध्यावर अडलं, पुन्हा फिरलं. मी माझा हात पुढे केला आणि मागे घेतला. ठक.

पलीकडून मास्तरांचा आवाज आला, नेहमीसारखा.

"नंदा, तुझ्या बापाशीक सांग..."

आणि ते अडखळले. चौदा वर्षं मी सगळे निरोप सांगितले होते, हा सांगणार नव्हते. मी स्टुलावर हाताची घडी घालून बसून राहिले. फळीपलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला.

"भाऊ," मास्तर म्हणाले. "चाय घेतलंस?"

भाऊंच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायचं सोडून ते फळीकडे वळायला बघत होते. मनगट फिरलं. एकच आवाज आला.

चहा चारलाच होऊन गेला होता. तरी मी आत जाऊन पुन्हा आधण ठेवलं, तीन कपांचं, आणि पुढचं दार उघडं टाकलं.